केंद्र लागत नाही? रेडिओ उघडण्याआधी हे वाचा

दुरुस्त केलेल्या प्रत्येक संचाबरोबर हा कागद आम्ही मुद्दाम पिशवीत घालतो. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला पाहुण्यांकडे जाऊन आलेले गिऱ्हाईक सांगते, "तिथे माणदेशी तरंग हे रेडिओ केंद्र खणखणीत लागायचे, इकडे सत्तरी तालुक्यात घरी आल्यापासून नुसती खरखर." संच आम्ही उघडतो, आत सगळे ठीक असते. म्हसवडचे केंद्र म्हसवडकरांसाठी आहे, ते इथे गोव्यात वाळपईत लागणारच नाही.

अशा सामुदायिक, म्हणजे गावातल्या लोकांनी गावासाठी चालवलेल्या, केंद्राच्या प्रक्षेपणाची ताकद साधारण १०० वॉट आणि मनोरा फार तर ३० मीटरचा. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, त्यामुळे दहा-पंधरा किलोमीटरवर आवाज विरतो. मध्ये डोंगर आला तर त्याआधीच. आकाशवाणी पणजीचे १०५.४ त्याहून कितीतरी लांब पोचते, पण घाटाच्या कुशीतल्या वाड्यांवर तेही अडखळते.

आता केंद्र "गावाचे" म्हणजे कोणाचे, हे गोव्यात समजावणे सोपे आहे. कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या सामाईक मालकीची, जमीन जशी एकट्या गावकाराला विकता येत नाही, तसेच आकाशातल्या लहरींचे. पण हे कायद्याने मान्य व्हायला फार वर्षे गेली.

१९४६ साली इथे 'एमिसोरा दे गोवा' सुरू झाले, ते पोर्तुगीज सरकारचे. त्याला उत्तर मिळाले २५ नोव्हेंबर १९५५ रोजी. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या रानातून गुप्त केंद्र चालू केले, पुढे ते कॅसलरॉकच्या जंगलात हलवले. कोकणी आणि पोर्तुगीजमधून ते बोलत राहिले ते थेट डिसेंबर १९६१पर्यंत. त्या महिन्यात बांबोळीच्या वायरलेस केंद्रावर भारतीय हवाई दलाने बाँब टाकले, आणि गोवा मुक्त झाल्याची बातमी या दोघांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर सांगितली. रानातल्या त्या केंद्राकडे परवाना कुठला असणार! तरी आमच्या मते गोव्यात लोकांचा म्हणावा असा पहिला रेडिओ तोच.

मुक्तीनंतर आकाशवाणी आली. तेव्हा घरी रेडिओ ठेवायलाही टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे, जुन्या गिऱ्हाइकांना ते पुस्तक आठवत असेल. पैसे ऐकणाऱ्यांचे, पण काय वाजवायचे ते दिल्ली ठरवणार.

फिरले ते क्रिकेटमुळे. एका स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार न्यायालयात भांडले. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. निकालपत्र लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. एवढे होऊनही सामुदायिक रेडिओच्या २००२च्या धोरणात परवाने फक्त शिक्षणसंस्थांनाच मिळाले, आणि २००४ साली चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सर्वांत आधी सुरू झाले. स्वयंसेवी संस्थांना दार उघडले २००६च्या अखेरीस.

तेलंगणातल्या जहीराबादजवळ मचनूर गावात दलित शेतकरी बायकांचा स्टुडिओ कधीचा तयार होता. परवान्याची वाट पाहत त्या कार्यक्रम कॅसेटवर भरून संघमच्या, म्हणजे गावातल्या बायकांच्या गटांच्या, बैठकांत ऐकवत. १५ ऑक्टोबर २००८ रोजी 'संघम रेडिओ' हवेत गेला, आणि उद्घाटनाला आले न्यायमूर्ती सावंतच. आमच्या धंद्यात इतका समाधानाचा किस्सा दुसरा नाही.

आमच्या गावात निघेल का, असे भजनी मंडळवालेही विचारतात. एकट्याला परवाना मिळत नाही, राजकीय पक्षाला तर नाहीच. निदान तीन वर्षे काम केलेली ना-नफा संस्था लागते, आणि निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने व्हावे लागतात. जाहिराती मोजक्याच. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या मात्र जशाच्या तशा लावता येतात. (हा नियम आम्हाला पटत नाही. गावात पाणी कधी येणार ते दिल्लीच्या बातमीपत्रात कोण सांगणार?) विनापरवाना ट्रान्समीटर बनवून मागू नये, तो गुन्हा आहे.

संच आणण्यापूर्वी एवढे करून पाहा. एफएमसाठी दांडी पूर्ण ओढून संच खिडकीशी ठेवा. मीडियम वेव्हवर १२८७ किलोहर्ट्झला लागणाऱ्या आकाशवाणी पणजीसाठी दांडीचा उपयोग नाही, अँटेना आत असते, म्हणून संचच हळूहळू फिरवा. जवळचा एलईडी दिवा आणि मोबाईलचा चार्जर बंद करा. तरीही खरखर असेल तर संच घेऊन या, नुसत्या तपासणीचे पैसे आम्ही घेत नाही.