मेणाच्या ठोकळ्यातला कर्करोग

फुप्फुसातल्या गाठीचा सुईने काढलेला तुकडा सोलापुरातल्या लॅबमध्ये येतो तेव्हा दोऱ्याच्या तुकड्याएवढा असतो, फॉर्मलिनच्या, म्हणजे पेशी टिकवणाऱ्या द्रावणाच्या बाटलीत बुडवलेला. तो मेणात बसवतात, त्याचे पातळ काप काचेवर घेतात आणि उरलेला ठोकळा नंबर टाकून जपून ठेवतात. याला ब्लॉक म्हणतात. घरचे लोक रिपोर्टची फाइल जिवापाड जपतात, पण ब्लॉकही मागून घेता येतो हे अनेकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

पूर्वी गाठ कुठल्या अवयवात आहे आणि किती पसरली आहे यावर औषध ठरायचं. 2001 मध्ये इमॅटिनिब ही गोळी आली आणि चित्र बदललं. रक्ताच्या एका कर्करोगात 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्यातून तयार होणारं सदोष प्रथिन पेशींना थांबूच देत नाही. ही गोळी नेमकं तेच प्रथिन बंद पाडते. 2004 मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआर जनुकातले बदल सापडले. ते असतील तर केमोऐवजी रोजच्या गोळीने सुरुवात करता येते. नसतील तर त्या गोळीचा फारसा उपयोग नाही. म्हणून आधी चाचणी हवी.

ही चाचणी ब्लॉकमधल्या डीएनएवर होते, आणि घोडं इथेच अडतं. तुकडा फॉर्मलिनमध्ये उशिरा पडला किंवा दिवसेंदिवस तसाच राहिला, तर डीएनएचे तुकडे होतात. साधारण सहा तासांपेक्षा कमी नाही आणि तीन दिवसांपेक्षा जास्त नाही, असा हिशेब असतो. महागडं यंत्र मुंबईत असलं तरी निकालाचा निम्मा दर्जा सोलापुरातल्या बाटलीत ठरलेला असतो. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून परळचं टाटा रुग्णालय गाठायचं आणि तिथे ‘ब्लॉक कुठाय?’ ऐकायचं, ही वेळ आजारी माणसावर येऊ नये. निघतानाच स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही मागून घ्या.

दुसरा प्रश्न माहितीचा. ईजीएफआरमधले बदल युरोपात फुप्फुसाच्या कर्करोगाचा एक नेहमीचा प्रकार असलेल्या अ‍ॅडिनोकार्सिनोमाच्या दहा-पंधरा टक्के रुग्णांत दिसतात, भारतात साधारण पाव ते एक तृतीयांश रुग्णांत. म्हणजे परक्यांच्या आकड्यांवर आपली चाचणी ठरवली, तर आपलेच रुग्ण सुटतील. 2008 मध्ये अनेक देशांनी मिळून कर्करोगांचे जनुकीय नकाशे काढायचं ठरवलं. त्यात भारताने गाल आणि हिरड्यांचा कर्करोग घेतला. तंबाखू-मिश्रीच्या या पट्ट्यात तो का घेतला हे वेगळं सांगायला नको. टाटा मेमोरियलचं खारघरचं संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक आणि पश्चिम बंगालमधली कल्याणीची जनुकसंच-संशोधन संस्था यांनी 2013 मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. 2020 मध्ये या जागतिक प्रयत्नातून 2,658 गाठींच्या संपूर्ण जनुकसंचांचा अभ्यास प्रसिद्ध झाला.

असं काम आपल्याकडे कुठे जमणार, असं कुणी म्हटलं की मला बार्शी आठवते. ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी 1987 मध्ये तिथे सुरू झाली. पुढे बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या ल्योंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 1,31,746 बायकांना अभ्यासात घेतलं. 2009 मध्ये निकाल आला: एचपीव्ही या विषाणूची (गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचा विषाणू) चाचणी एकदाच केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू जवळपास निम्मे होते. आज जागतिक आरोग्य संघटना हीच चाचणी पहिली पसंती म्हणून सुचवते. आपल्या भागातल्या बायकांनी दिलेल्या नमुन्यांचा त्यात मोठा वाटा आहे, आणि याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

गालाच्या कर्करोगासाठी मात्र जनुकातला बिघाड पाहून द्यायचं रोजच्या वापरातलं औषध अजून हाती नाही. पाश्चात्त्य देशांत हा आजार इतका होत नाही, त्यामुळे त्याचे पुरेसे नमुने तिथून मिळणार नाहीत. ते सोलापूर, बार्शी, पंढरपूरसारख्या गावांतूनच जायला हवेत, रुग्णाच्या संमतीने आणि नीट जपलेले.