बोरकुटाचा गोळा का होतो?

संक्रांतीला सुगडात घालून, बोरन्हाणात मुलांच्या डोक्यावर ओतून उरलेली बोरं मराठवाड्यात माळवदावर वाळत पडतात. खडखडीत झाली की ती कुटायची, चाळायची, त्यात गूळ, मीठ, थोडं तिखट घालायचं, की झालं बोरकूट. उन्हाळाभर ते भुरभुरीत राहतं. मृगाचे चार थेंब पडले की त्याच बरणीत चमचा शिरत नाही.

ताज्या बोरात साधारण 80 टक्के पाणी असतं. वाळवून ते घालवायचं, इतकं सगळ्यांना माहीत असतं. पण फळ टिकणार की नासणार हे आत किती पाणी उरलं यापेक्षा त्यातलं किती मोकळं आहे, यावर ठरतं. मनुकांत 15 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, तरी त्या महिनोन्‌महिने टिकतात. एवढ्याच ओलाव्याची ज्वारी कणगीत भरायला मात्र कोणी धजणार नाही. तिला बुरशी धरते. फरक साखरेचा आहे. मनुकेतलं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतं, जंतूंच्या वाट्याला ते येत नाही. या मोकळेपणाला शास्त्रज्ञ वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात. शुद्ध पाण्याची ती 1 असते. बहुतेक जिवाणू 0.9 च्या खाली वाढत नाहीत, आणि 0.6 च्या खाली बुरशीसुद्धा हात टेकते.

बोरकुटात गोळा होतो तोही या साखरेमुळेच. वाळलेल्या फळातली साखर स्फटिकासारखी रचलेली नसते, काचेसारखी विस्कळीत घट्ट झालेली असते. अशी साखर ठरावीक तापमानाच्या वर चिकट, रबरासारखी होते. शुद्ध फ्रुक्टोजसाठी हे तापमान जेमतेम 5 अंश सेल्सिअस आहे, ग्लुकोजसाठी 31. ओलावा शिरला की ते आणखी खाली घसरतं. पावसाळी हवेतलं पाणी गूळ आणि बोर दोघंही ओढून घेतात, कणांच्या कडा चिकट होतात आणि एकमेकांना धरतात. म्हणून गूळ आधी न मिसळता नुसतं कूट घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावं, गूळ खाताना घालावा. वाळवताना क जीवनसत्त्व बरंचसं जातं. ते हवं असेल तर ताजी बोरंच खावीत.

खुबानीचं, म्हणजे सुकलेल्या जर्दाळूचं, गणित उलटं. तिच्यात पाणी शिरायला हवं असतं. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे खुबानी का मीठा इकडच्या लग्नांतही जेवणाच्या शेवटी येतो. सुकलेलं जर्दाळू रात्रभर भिजवून शिजवायचं, त्याचा लगदा करायचा आणि वर साय घालायची. इथे घाई नडते ती साखरेची. भिजवतानाच साखर घातली तर बाहेरचं पाणी गोड होतं आणि फळ ते नीट आत ओढत नाही. आधी साध्या पाण्यात फुगू द्यावं, मऊ शिजू द्यावं, साखर शेवटी.

आणखी एक अडचण खास आपल्याकडची. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, हा अनुभव कुठल्याही घरात विचारा. बेसॉल्ट खडकातून आलेल्या या पाण्यात कॅल्शियम भरपूर असतं. तेच कॅल्शियम फळाच्या पेशीभिंतीतल्या पेक्टिनच्या साखळ्या एकमेकींना जोडून ठेवतं, आणि जर्दाळू तासभर उकळूनही तुकड्यातुकड्यानं राहतं. पावसाचं साठवलेलं किंवा फिल्टरचं पाणी वापरा. सोडा घातला तरी फळ मऊ होतं, पण त्याचा आंबटपणा मारला जातो, आणि आंबटपणाशिवाय या पदार्थात उरतं काय?

दुकानात केशरी आणि तपकिरी असे दोन जर्दाळू दिसतात. केशरी रंग टिकवायला सल्फर डायऑक्साइड दिलेला असतो; दम्याच्या काही रुग्णांना तो त्रास देतो. तपकिरी जर्दाळू दिसायला मळकट, पण मीठ्यासाठी मी तेच घेईन. त्याची चव खोल असते. बी फोडून आतला गर बदामासारखा वरून घालतात. तो गर आधी चाखून पाहावा. कडू लागला तर थुंकून टाकावा आणि त्या खुबानीच्या सगळ्याच बिया बाजूला काढाव्यात, कारण त्या कडवटपणामागे अ‍ॅमिग्डॅलिन असतं आणि पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड सुटतं.