लवकर लेव्हल चढणारा क्लास: स्वस्त लेव्हलवाला वेगळा, जलद मारणारा वेगळा

आरपीजी, म्हणजे एखादं पात्र घेऊन ते वाढवत नेण्याच्या गेममध्ये, नवख्या माणसाने 'कुठला क्लास (पात्राचा प्रकार: योद्धा, चोर, जादूगार) घेऊ?' विचारलं की एक उत्तर हमखास येतं: 'अमुक घे, त्याची लेव्हल भराभर चढते.' कशामुळे चढते, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं. त्यामागे दोन निराळी कारणं असू शकतात आणि आरपीजीच्या चर्चेत ती सर्रास एकमेकांत मिसळली जातात. एक तर गेमने त्या क्लासकडून पुढच्या लेव्हलसाठी एक्सपीच (अनुभवाचे गुण) कमी मागितलेला असतो. नाहीतर एक्सपी सगळ्यांना सारखाच लागतो, पण हा क्लास तो इतरांच्या आधी गोळा करतो. जिना चढताना एकाच्या पायऱ्या बुटक्या आणि दुसऱ्याचे पाय लांब, असा हा फरक. बुटक्या पायऱ्यांच्या जिन्यावर दहावी पायरी लवकर येते, पण तुम्ही असता तसे खालीच.

पहिल्या प्रकाराचं मूळ अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स या कागद-फाशांच्या खेळात सापडतं आणि तेच तक्ते १९९८च्या बाल्डर्स गेट या कॉम्प्युटर गेमने जवळपास जसेच्या तसे उचलले. दुसऱ्या लेव्हलसाठी थीफला (चोर) १,२५० एक्सपी लागतो, क्लेरिकला (पुजारी) १,५००, फायटरला (योद्धा) २,००० आणि मेजला (जादूगार) २,५००. पाहणारा म्हणेल, थीफची चैन आहे! पण फायटरला दर लेव्हलला दहा बाजूंच्या फाशावर हिटपॉइंट (मार सोसण्याची ताकद) मिळतात, थीफला सहा बाजूंच्या. थीफचा नेम सुधारण्याचा वेगही फायटरपेक्षा कमी. लेव्हलमागे हाती कमी पडतं, म्हणून लेव्हल स्वस्त ठेवली आहे. आठव्या लेव्हलचा थीफ आणि सातव्या लेव्हलचा फायटर समोरासमोर आले, तर आकडा मोठा असल्याचा थीफला काही उपयोग नाही.

मेजची गंमत याहून मोठी. दुसऱ्या लेव्हलला तो सर्वांत महाग, म्हणून 'मेज हळू चढतो' हे समीकरण पक्कं बसलेलं आहे. प्रत्यक्षात तक्ता पुढे वाचत गेलात तर फायटर पाचव्या लेव्हलला १६,००० वर पोचतो आणि मेज २०,००० वर. सातव्या लेव्हलला मात्र मेजला ६०,००० पुरतात आणि फायटरला ६४,००० लागतात. नववी लेव्हल तर मेजला १,३५,००० वर मिळते, फायटरला थेट २,५०,००० वर. म्हणजे ज्याला हळू म्हणून बाजूला टाकला, तो मध्यावरच पुढे निघून जातो.

आता गेम कुठे संपतो ते पाहायला हवं. मूळ बाल्डर्स गेटमध्ये एक्सपीला ८९,००० ची मर्यादा होती. मेजची आठवी लेव्हल ९०,००० वर. हजार एक्सपीसाठी दार बंद! गेमच्या पुढच्या विस्तारात ही मर्यादा १,६१,००० झाली आणि तिथे थीफ दहावर, मेज नवावर, फायटर आठावर थांबतो. फायटर आणि मेज एकत्र असा मल्टिक्लास घेतला तर एक्सपी निम्मा निम्मा वाटला जातो, प्रत्येक बाजूला ८०,५००. ऐकायला नुकसान वाटतं. पण बऱ्याच लेव्हलपर्यंत दर वेळी लागणारा एक्सपी दुपटीच्या आसपास वाढत असल्याने निम्म्या एक्सपीत फायटर सातवर आणि मेजही सातवर येतो. फायटर म्हणून एक लेव्हल गेली, मेज म्हणून दोन, आणि बदल्यात दोन क्लास एका अंगात. तक्ता न वाचता क्लास निवडणाऱ्याच्या हे ध्यानातही येत नाही.

अर्थात तिथवर जगायला हवं. पहिल्या लेव्हलचा मेज म्हणजे जेमतेम चार-पाच हिटपॉइंट आणि एखादा मंत्र. गेममधल्या फ्रेंडली आर्म इन या सराईच्या दाराशी उभ्या असलेल्या मारेकऱ्याने असे कितीतरी मेज पहिल्याच झटक्यात आडवे केले आहेत.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने हे वेगळे तक्ते मोडीत काढले; सगळ्या क्लासना एकच तक्ता. आज बहुतेक गेमची रीत हीच आहे. त्यामुळे आता कुणी 'हा क्लास लवकर चढतो' म्हणालं, तर ते बहुधा दुसऱ्या प्रकाराबद्दल बोलत असतात. जुन्या गेमची सवय असलेला मात्र पहिला अर्थ धरतो आणि मग वाद रंगतो.

दुसऱ्या प्रकाराचा नमुना म्हणजे वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक हा ऑनलाइन गेम. साठ लेव्हलपर्यंत एक्सपी सगळ्यांना सारखा. तरी हंटर सुसाट जातो, कारण दहाव्या लेव्हलपासून त्याचा पेट (पाळीव प्राणी) मार खातो आणि तो लांबून बाण सोडतो. एक मॉब (गेममधला शत्रू) मेला की थेट पुढचा. वॉरियर एकटा असेल तर प्रत्येक मारामारीत स्वतः मार खातो, स्वतःला बरं करण्याची सोय जवळजवळ नाही, मग बसून खात राहायचं. शस्त्र जुनं असेल तर त्याहून हाल. मेज मारतो पटापट, पण माना (मंत्रांना लागणारी ऊर्जा) संपला की पाणी पीत बसतो; निदान ते पाणी तो स्वतःच बनवतो, एवढं सुख. लेव्हलिंगचा वेग पाहताना नुसता डॅमेज पाहू नका, दोन मारामाऱ्यांमध्ये क्लास किती वेळ बसून राहतो ते पाहा. माझ्या मते निम्मा फरक तिथेच पडतो.

पण हा वेग साठाव्या लेव्हलला संपतो. तिथे पोचल्यावर हंटरला आधीच्या घाईचं काहीच मिळत नाही, आणि रखडत आलेल्या वॉरियरला रेडमध्ये (मोठ्या गटाने लढायच्या मोहिमेत) टँक, म्हणजे शत्रूचा मार स्वतःवर घेणारा, म्हणून मागणी असते. आठवड्यातून दोन तास खेळणाऱ्याने हंटर घ्यावा, कारण त्याचा गेम बहुतांशी वाटेतच घडणार. मित्रांबरोबर रेडला बसणार असाल तर वाटेतला त्रास सोसण्यात अर्थ आहे. २०२३ मध्ये अधिकृत हार्डकोर सर्व्हर आले, जिथे मेलात की कॅरेक्टर कायमचं गेलं. तिथे पुन्हा हिशेब बदलतो: कंटाळवाणा म्हणून नावाजलेला पॅलडिन कितीही सावकाश मारो, सहजासहजी मरत नाही.

आणि २००६चा मूळ ऑब्लिव्हियन हा गेम तर ही सगळी चर्चाच उलटी करतो. तिथे क्लास म्हणजे २१ पैकी सात मेजर स्किल (मुख्य म्हणून निवडलेली कौशल्यं). त्यांत मिळून दहा वेळा वाढ झाली आणि तुम्ही झोपलात की लेव्हल चढते. धावण्या-उड्या मारण्याची स्किल मेजरमध्ये ठेवली तर नुसतं भटकूनही लेव्हल वर जाते. पण शत्रूही तुमच्या लेव्हलप्रमाणे वाढतात, आणि तलवार चालवणारा हात तिथेच राहतो. पुढे साधे वाटमारेही काचेच्या आणि डेड्रिक अशा भारी चिलखतात समोर येतात. म्हणून जाणकार खेळाडू मुद्दाम न वापरायची स्किल मेजरमध्ये टाकतात, म्हणजे लेव्हल त्यांच्या मर्जीशिवाय चढत नाही.