बेळगाव-धारवाडच्या मातीत रुजलेली एक मोजणी : मानसशास्त्रीय संशोधन पद्धतीची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी विद्यार्थी पदवीला मानसशास्त्र घेतात, तेव्हा चल (बदलणारी, मोजता येणारी गोष्ट), नमुना (अभ्यासासाठी निवडलेल्या व्यक्ती), विश्वसनीयता (पुन्हा मोजले तरी तेच उत्तर येणे), सप्रमाणता (जे मोजायचे तेच मोजले जाणे) हे शब्द त्यांना व्याख्यांच्या रूपात भेटतात आणि परीक्षेपुरते पाठ होतात. वास्तविक यातील बहुतेक संकल्पना कोणा ना कोणा संशोधकासमोर उभ्या राहिलेल्या ठोस अडचणीतून घडल्या आहेत, आणि त्यांपैकी एका अडचणीवरचे मोलाचे काम आपल्याच भागात झाले आहे.

विल्हेल्म वुंट यांनी 1879 मध्ये जर्मनीतील लाइपझिग येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा स्थापन केली, तेव्हा आत्मनिरीक्षण, म्हणजे स्वतःच्या अनुभवाचे स्वतःच निरीक्षण करून वर्णन करणे, हे त्यांचे एक प्रमुख साधन होते. दोघांची आत्मनिरीक्षणे जुळली नाहीत तर खरे कोणाचे मानावे, याचा निवाडा करणे मात्र अवघड होते. हर्मान एबिंगहाउस यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी निरर्थक अक्षरगटांच्या याद्या स्वतः पाठ केल्या, ठरावीक काळ जाऊ दिला आणि तीच यादी पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचला हे मोजले. मध्ये गेलेला काळ हा स्वतंत्र चल (संशोधक स्वतः बदलतो तो) आणि वाचलेला वेळ हा परतंत्र चल (त्याचा परिणाम म्हणून बदलतो तो), इतकी स्वच्छ मांडणी 1885 च्या त्यांच्या ग्रंथात आहे. प्रयोगाला बसलेली व्यक्ती मात्र एकच होती, ते स्वतः. नमुन्याचा प्रश्न तिथे सुटला नव्हता.

संशोधकाची अपेक्षाच निष्कर्षात कशी मिसळते, हे बर्लिनमधील हान्स नावाच्या घोड्याने दाखवून दिले. तो गणिताची उत्तरे खुरांनी देतो, असा लौकिक होता. ऑस्कर फुंग्स्ट यांनी प्रश्नकर्त्यालाच उत्तर माहीत नसेल अशी व्यवस्था केली, तेव्हा घोडा चुकू लागला. प्रश्नकर्त्याच्या नकळत होणाऱ्या सूक्ष्म हालचाली पाहून तो खूर थांबवत असे. हा अभ्यास 1907 मध्ये प्रसिद्ध झाला. तुलनेसाठीचे गट यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, पाडण्याची शिस्त मात्र शेतीतून आली. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी ती इंग्लंडमधील रॉथमस्टेडच्या शेतीप्रयोगांच्या अनुभवातून मांडली.

आपल्या भागाशी थेट नाते आहे ते बुद्धिमापनाचे. आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमों यांनी 1905 मध्ये पॅरिसच्या मुलांसाठी 30 प्रश्नांची चाचणी तयार केली आणि 1908 मध्ये प्रश्नांची वयानुसार विभागणी केली. एखादा प्रश्न सात वर्षांच्या पातळीचा मानायचा, तर त्या वयाच्या बहुसंख्य मुलांना तो सुटायला हवा. पण कुठल्या मुलांना? ज्या मुलांवर ही पातळी ठरली, त्यांची भाषा, शाळा आणि घर त्या आकड्यात दडलेले असते. म्हणून पॅरिसची किंवा अमेरिकेची मानके, म्हणजे तिथल्या मुलांवरून ठरलेल्या वयानुसारच्या पातळ्या, इथल्या मुलाला जशीच्या तशी लावली, तर तो हुशार आहे की नाही हे कळण्याऐवजी तो पॅरिसच्या मुलासारखा आहे की नाही, एवढेच कळते.

डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी हे ओळखले. 1930 च्या दशकात, बेळगाव आणि धारवाड हे जिल्हे मुंबई इलाख्यात असताना, त्यांनी बिने चाचणीची मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत नव्याने रचना केली आणि धारवाडच्या मुलांवर तिचे प्रमाणीकरण केले, म्हणजे त्या मुलांना ती देऊन इथली मानके ठरवली. हे काम 1940 मध्ये ग्रंथरूपाने आले. दोन भाषांची मुले एकाच गल्लीत वाढणाऱ्या प्रदेशात त्यांनी एका भाषेवर भागवले नाही, याचे मोल मला फार वाटते.

‘बिने-कामत’ या नावाने ही चाचणी पुढे अनेक दशके रुग्णालयांत आणि मार्गदर्शन केंद्रांत वापरली गेली. तिच्या मानकांचे वय मात्र वाढत गेले. पिढ्यांगणिक मुलांचे सरासरी गुण वाढत जातात, हे जेम्स फ्लिन यांनी 1980 च्या दशकात अनेक देशांच्या आकडेवारीवरून दाखवले, आणि त्यामुळे जुन्या मानकांवर आजच्या मुलाचा बुद्ध्यंक फुगून येण्याचा धोका असतो. सीमाभागात त्यात आणखी एक गुंता आहे. घरी मराठी, वर्गात कन्नड किंवा इंग्रजी अशी आज कितीतरी मुले आहेत, आणि चाचणी कोणत्या भाषेत घेतली याची नोंद अहवालात नसेल, तर त्या मुलाच्या कमी गुणांमागे आकलन आहे की भाषेची अडचण, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.