गांजाबंदीचा वाद: १८९३ पासूनची पार्श्वभूमी

गांजा कायदेशीर करावा का, यावर बोलताना कॅनडा-अमेरिकेचे दाखले सर्रास दिले जातात. पण या प्रश्नाची कसून चौकशी सव्वाशे वर्षांपूर्वी भारतातच झाली होती, आणि ती आजही वाचण्यासारखी आहे.

१८९३ मध्ये दारूबंदीचे पुरस्कर्ते खासदार विल्यम केन यांनी ब्रिटिश संसदेत बंगालमधल्या गांजाविषयी प्रश्न विचारला. त्यातून सात जणांचा आयोग नेमला गेला. त्यात तिघे भारतीय होते. आयोगाने १,१९३ साक्षी नोंदवल्या.

गांजाने वेड लागते, हा बंदीच्या बाजूचा तेव्हाचा मुख्य मुद्दा. १८९२ साली वेड्यांच्या इस्पितळांत दाखल झालेल्या १,३४४ जणांपैकी २२२ जणांच्या नावापुढे गांजा, भांग किंवा चरस हे कारण लिहिलेले होते. आयोगाने ही प्रकरणे एकेक करून तपासली. रुग्णासोबत येणाऱ्या सरकारी कागदावर वेडाच्या कारणाचा एक रकाना असे. माणूस चिलीम ओढायचा एवढे कळले की तो भरला जाई आणि इस्पितळाच्या वहीत तेच उतरे. फेरतपासणीत २२२ पैकी ९८ उरले, आणि फक्त नशेमुळेच वेड लागले असे मानता येतील असे ६१.

माफक सेवनाने फारसा अपाय होत नाही, सरसकट बंदी नको, कर आणि परवाने ठेवा, असा निष्कर्ष १८९४ च्या अहवालात निघाला. बंदीचे विरोधक तो हटकून पुढे करतात. पण तिघा भारतीयांपैकी दोघांनी, राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद यांनी, भिन्नमतपत्रिका जोडल्या होत्या, हे सांगायचे राहून जाते. शिवाय सरकारला या मालातून अबकारी उत्पन्न मिळत होते, हेही विसरू नये.

पुढे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजा कडक नियंत्रणाखाली आला. पाने आणि बिया व्याख्येबाहेर राहिल्या, आणि पारंपरिक सेवन थांबवायला २५ वर्षांची मुदत मिळाली. त्या मुदतीतच, १९८५ मध्ये, एनडीपीएस हा अमली पदार्थविरोधी कायदा आला. भांगेची पाने त्यातून सुटली (महाराष्ट्रात मात्र त्यांना राज्याचा दारूबंदी कायदा लागू आहे), पण चरस हेरॉइनच्या पंक्तीत बसला: किमान दहा वर्षे कैद. प्रमाणानुसार शिक्षा २००१ च्या दुरुस्तीने आली.

डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत घातक यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला. भारताने बाजूने मत दिले. त्याच महिन्यात गोव्यात औषधी लागवडीच्या प्रस्तावावरून गदारोळ उठला आणि सरकारने माघार घेतली.

एम्सच्या २०१९ च्या पाहणीनुसार देशात वर्षभरात सुमारे १.३ कोटी लोकांनी गांजा किंवा चरस घेतला होता. कोवळ्या वयातल्या सेवनाचा मेंदूवर होणारा परिणाम आणि मनोविकाराचा धोका आज १८९४ पेक्षा कितीतरी अधिक स्पष्ट आहे. त्यामुळे जुना अहवाल जसाच्या तसा लागू करता येणार नाही. पण १९८५ चा कायदा करताना तशी एकही चौकशी झाली नाही, आणि ती आता व्हायला हवी.