करवंदीच्या जाळीतलं रान

गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यातल्या डोंगरावर जुलैत झाडं लावायची म्हटलं की आधी उतार ‘साफ’ होतो. कोयत्याने करवंदीच्या जाळ्या तोडायच्या, मग जांभ्यात खड्डे मारून रोपं लावायची. पुढच्या मे महिन्यापर्यंत त्यातली थोडीच तग धरतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण तोडलेली जाळी हीच त्या डोंगराची रोपवाटिका असते.

गेल्या पावसात अशी एक जाळी काठीने वर उचलून पाहिली. बाहेर नुसते तांबडे खडे होते. आत मात्र काळी, भुसभुशीत माती, कुजका पालापाचोळा आणि जांभळाचे तांबूस पानांचे दोन कोंब, दोन्ही एकाच बीतून आलेले. जांभळाच्या एका बीत अनेकदा एकाहून जास्त गर्भ असतात, त्यामुळे अशी जुळी रोपं येतात. ते बी बहुधा रात्री फिरणाऱ्या कांडेचोराच्या, म्हणजे उदमांजराच्या, विष्ठेतून तिथे पडलं असावं.

गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. उघड्या उतारावर तो माती धुऊन नेतो आणि उन्हाळ्यात तोच जांभा तव्यासारखा तापतो. जाळी थेंबांचा मार अंगावर घेते, वाहून जाणारा पाला अडवते, सावलीत ओल टिकवते. काट्यांमुळे गुरंही आत तोंड घालत नाहीत. काही वर्षांनी आतलं झाड जाळीच्या डोक्यावर जातं, त्याची सावली पडते आणि उन्हावर वाढणारी करवंद आपोआप विरळ होत जाते.

अकेशियाचं गणित वेगळं आहे. हे ऑस्ट्रेलियाकडचं झाड उजाड डोंगरांवर आणि खाणींच्या मातीच्या ढिगांवर भराभर वाढतं म्हणून लावलं गेलं. त्याचं पान म्हणून आपण जे पाहतो, तो खरं तर चपटा झालेला देठ आहे. तो चिवट असतो, हळू कुजतो आणि खाली त्याचा जाड थर साचतो. त्या थरात आपल्या झाडांचं बारीक बी मातीला टेकतच नाही. तरीही सगळी अकेशिया एका दमात तोडू नये. एकदम ऊन आलं की रानमोडीचं तण माजतं, आणि वाळलेल्या रानमोडीला वणवा चटकन लागतो. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या रानात लागलेल्या आगी आपण पाहिल्याच आहेत. दरवर्षी थोडीथोडी झाडं काढावीत, थर बाजूला सारावा आणि खाली आपली रोपं येऊ द्यावीत.

बियांचंही वेळापत्रक असतं. जांभूळ आणि भिरंड (कोकम) यांचं बी वाळलं की मरतं. ते डबीत जपून पुढच्या वर्षी पेरता येत नाही, फळ खाल्लं की लगेच ओल्या मातीत जायला हवं. माट्टीचं झाड, म्हणजे ऐन, मात्र वाऱ्यावर विसंबतं. त्याच्या फळांना पाच पंख असतात, चतुर्थीला गणपतीवर रानातली फळंफुलं टांगतात, त्या माटोळीखाली बसणाऱ्यांना ती ओळखीची आहेत. डोंगरमाथ्यावर एक जुनी माट्टी राखली, तर खालच्या उतारावर बी टाकायचं काम ती स्वतः करते.

रान बघायला येणाऱ्यांसाठी आम्ही वाट काढली, तेव्हा ती सरळ वर नेली नाही. सरळ वाटेचा पहिल्याच पावसात ओहोळ होतो. ती उताराला आडवी, नागमोडी नेली, प्रत्येक वळणावर पाणी बाजूच्या पाचोळ्यात सोडलं आणि जाळी आली की तिला वळसा घातला. एक वळसा त्या जुळ्या जांभळापासून हातभर अंतरावरून जातो. मे महिन्यात तिथे करवंदं पिकतात, लोक थांबून ओंजळभर खातात आणि बिया उतारावरच थुंकतात.