देसगत

देसगत म्हणजे देसायाचे वंशपरंपरागत वतन. बेळगाव, निपाणी, हुक्केरी, सौंदत्ती या पट्ट्यात आज देसाई हे आडनावच उरले असले, तरी मुळात तो परगण्याच्या, म्हणजे अनेक गावांच्या महसुली विभागाच्या, मुख्य वतनदाराचा किताब होता. पुणे-साताऱ्याकडे देशमुखाचे जे स्थान, तेच इकडे देसायाचे; हिशेब देशपांड्यांकडे असे आणि देसायांवरील वरिष्ठ वतनदार सरदेसाई म्हणवी. पाटलांकडून वसूल आणणे, परगण्याचा बंदोबस्त राखणे आणि वतनाचा तंटा गोतसभेत (वतनदार व गावकऱ्यांच्या न्यायसभेत) निवडला की महजरावर, म्हणजे तिच्या लेखी निवाड्यावर, आपला शिक्का करणे ही त्याची चाकरी होती. मोबदल्यात इनाम जमीन, वसुलातला हक्क आणि सणासमारंभातला पहिला मान मिळे. घरात कन्नड बोलणाऱ्या लिंगायत देसायांचाही पेशवे दरबाराशी व्यवहार मोडी लिपीतल्या मराठीतून चाले, त्यामुळे या इतिहासावर कोणत्याही एका भाषेला एकटीचा हक्क सांगता येत नाही.

देसगतीचा खरा घात वारसाच्या प्रश्नाने केला. कित्तूरचे देसाई शिवलिंगरुद्र सर्जा 1824 च्या सप्टेंबरात निपुत्रिक वारले. त्यांचे दत्तकविधान धारवाडचा इंग्रज कलेक्टर थॅकरे याने मानले नाही, आणि 23 ऑक्टोबरला कित्तूरच्या किल्ल्यापुढे झालेल्या लढाईत तो मारला गेला. डिसेंबरात किल्ला पडला. शिवलिंगरुद्रांची सावत्र आई राणी चन्नम्मा बैलहोंगलच्या कैदेत 1829 मध्ये निवर्तल्या. पेशव्यांकडून सरलष्कर हा किताब मिळवलेल्या निपाणीच्या सिद्धोजीराव निंबाळकरांची देसगतही औरस वारस नसल्याने 1839 मध्ये खालसा झाली.

उरलेल्या देसायांना 1864 च्या सुमारास, गॉर्डन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तडजोडीने, सरकारने वार्षिक आकार (ठरावीक रक्कम) घेऊन चाकरीतून मोकळे केले. काम गेले, मान राहिला. पुढे बेळगाव मुंबई राज्यात असतानाच परगणा व कुलकर्णी वतने रद्द करणारा 1950 चा कायदा आला आणि पुढच्याच वर्षी अमलात येऊन त्याने वतनेही संपवली.

शिरसंगीच्या लिंगराज देसाईंनी मात्र त्याआधीच वेगळी वाट धरली होती. 1906 मध्ये वारताना त्यांनी आपली दौलत लिंगायत मुलांच्या शिक्षणासाठी ठेवली. बेळगावचे लिंगराज कॉलेज त्यांच्याच नावाचे आहे. वंटमुरीच्या राजा लखमगौडा सरदेसाईंचे नाव हिडकलला घटप्रभेवर बांधलेल्या धरणाला दिलेले आहे.